हिवाळेकाकांचा निळा फेझर

हिवाळेकाका कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी पंख्याजवळ जात आणि पात्यांसमोर तोंड नेऊन लांबलचक 'आऽऽ' करत. लहान मुलं करतात तसंच. फरक एवढाच, की मुलं हसतात आणि काका ऐकत. आवाज पात्यांत चिरला जाऊन थरथरत परत आला की डोळे मिटून मान डावीकडे कलती करत आणि मग घरमालकाला निकाल सांगत. "तुमचा पंखा घाईचा हाय." किंवा, "याची पाती एकसारखी नाईत, आवाज लंगडून राह्यला." आमच्या आईला त्यांनी एकदा सांगितलं की तुमच्या कूलरचा आवाज गोल आहे, हा विकू नका. आईनं तो कूलर पार गंजून जाईपर्यंत सांभाळला.

काका टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले. लग्न केलं नाही. भाऊ दुसरबीडला शेती करतो, हंगाम झाला की ज्वारीचं एक पोतं पाठवतो. बुलडाण्यात आमच्या मागच्या गल्लीत त्यांच्या दोन खोल्या. एका खोलीत काका राहायचे आणि दुसरीत तारांची भेंडोळी. नोकरीची तीस वर्षं त्यांनी लोकांच्या बोलण्यातली खरखर काढली. मग घरोघरचे फोनच गेले, हातात मोबाईल आले, आणि खरखर काढणारा माणूस कुणाला लागेना. विहारातला माइक शिट्टी मारायला लागला किंवा एखाद्या मंडळाचा अँप्लिफायर जळाला की बोलावणं यायचं. काका जात, दुरुस्त करत आणि भाषणं सुरू व्हायच्या आत परत येत. भाषणात ऐकण्यासारखा आवाज नसतो, असं त्यांचं म्हणणं.

मी त्यांची नक्कल फार छान करायचो. हे सांगायला आज जड जातं, पण सांगायला हवं. मी पुण्याला शिकायला गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये तोंडातून "मले अजून एक पोळी पाह्यजे" असं निघून गेलं आणि सगळं टेबल हसलं. पुढचे काही दिवस मला पाहिलं की कुणी ना कुणी "मले, मले" करायचं. त्यावर मी एक उपाय शोधला. लोक माझ्यावर हसायच्या आधी मीच त्यांना दुसऱ्या कुणावर तरी हसवायचं. मी होस्टेलच्या पंख्यासमोर उभा राहून काकांसारखी मान कलती केली, 'आऽऽ' केलं आणि वऱ्हाडीत निकाल सांगितला. पोरं लोळली. तेव्हापासून माझी बोली गेली आणि त्यांची नक्कल राहिली. आमचा एक बँड होता, त्यात मी गिटार वाजवायचो. दर कार्यक्रमानंतर कुणीतरी म्हणायचंच, "प्रशांत, पंखेवाले काका होऊन जाऊ दे."

शिक्षण संपलं, काही वर्षं पुण्यात नोकरी केली, आणि टाळेबंदीत ती गेल्यावर मी गिटार घेऊन बुलडाण्याला परत आलो. पुढे इथेच एका विमा कार्यालयात चिकटलो. संध्याकाळी गच्चीवर वाजवत बसायचो. काका एकदा जिना चढून वर आले आणि पाण्याच्या टाकीला टेकून अर्धा तास ऐकत उभे राहिले.

"वाजवतं चांगलं," म्हणाले, "पण आवाज एका जागी उभा हाय."

मी म्हणालो, आवाज फिरवायचं एक यंत्र असतं, त्याला फेझर म्हणतात. पायानं दाबायची छोटी पेटी. गिटार आणि अँपच्या मध्ये लावली की सूर पाण्यात भोवरा फिरावा तसा फिरत येतो. जुन्या पद्धतीचे फेझर आता सहज मिळत नाहीत, मला फार हौस होती पण राहून गेलं. मी हे असंच बोलून गेलो होतो. काकांनी विचारलं, तो आवाज पंख्यासारखा असतो का? मी म्हणालो, साधारण तसाच, पण जास्त हळू आणि जास्त गोल.

काकांनी बोटानं टाकीवर एक गोल काढला. मग म्हणाले, त्याचा नकाशा मिळन का?

दुसऱ्या दिवशी मी इंटरनेटवरून सर्किटचा कागद छापून दिला. काकांनी तो डोळ्यांजवळ नेऊन वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाले, "येवढंच?" त्या येवढंचला पुढं दीड वर्ष लागलं.

त्या पेटीत काय चालतं हे मला काकांमुळेच कळलं. मी इतकी वर्षं गिटार वाजवून कधी विचार केला नव्हता. काका सांगत, "दोघं भाऊ घरून संगंच निघाले. एक सरळ रस्त्यानं आला. दुसरा चार दुकानं हिंडत आला, म्हून जरासा उशिरा. आता दोघं एकाच दारातून घुसून राह्यले, तं कुठं गळाभेट होते अन् कुठं टक्कर. टक्कर झाली तिथला सूर मरते. अन् त्या दुकानाईतला वेळ कमीजास्त करत राह्यलं, की टक्करची जागा सरकते. तोच तुया फिरता आवाज."

सगळी अडचण त्या चार दुकानांची होती. प्रत्येक दुकानात तीन पायांचा एक बारका काळा ट्रान्झिस्टर लागतो, आणि चारही एका स्वभावाचे लागतात. एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी निघालेले असले तरी कुणा दोघांचा स्वभाव जुळत नाही. काकांनी मुंबईहून पाकिटंच्या पाकिटं मागवली. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे आणला आणि एकेक ट्रान्झिस्टर मल्टिमीटरवर मोजून त्याच्या त्याच्या खळग्यात ठेवायला सुरुवात केली. हा तापट, हा सुस्त, हा सकाळी एक बोलते अन् दुपारी एक. बोटाच्या उबेनंसुद्धा आकडा बदलायचा, म्हणून चिमट्यानं उचलायचे. वाऱ्यानं बदलायचा, म्हणून भर मे महिन्यात पंखा बंद. घामानं निथळलेला माणूस चिमट्यात काहीतरी धरून श्वास रोखून बसलेला दिसला की दारावरून जाणारा चालही हळू करायचा. गल्लीत बातमी पसरली की हिवाळे लग्नं जुळवायला लागले. एक बाई खरंच मुलीचा फोटो घेऊन आल्या. काकांनी तो नीट पाहिला आणि सांगितलं, माझ्याकडे चौघं एकत्र जुळवावे लागतात, तुमचं काम सोपं आहे.

मी हे सगळं रंगवून फोनवर पुण्याच्या मित्रांना सांगायचो.

एका रविवारी सकाळी काकांनी हाक मारली. टेबलावर पेटी तयार होती. पेटी कसली, पोळ्या ठेवायचा स्टीलचा चपटा डबा होता, कारण पत्र्याच्या आत बाहेरची खरखर येत नाही. त्याला ब्रशनं निळा ऑइलपेंट दिलेला. वर जुन्या रेडिओचं मोठं पांढरं बटण, त्याच्या एका बाजूला बारीक अक्षरात 'हळू' आणि दुसऱ्या बाजूला 'जोरात'. खाली पांढऱ्या रंगानं लिहिलं होतं: फेझर, बुलडाणा. आणि त्याखाली, एक्स्चेंजमध्ये वायरींवर चिठ्ठ्या लावायच्या सवयीनं असेल, माझं नाव.

मला वाटत होतं, काका स्वतःसाठी बनवताहेत. त्यांना गिटार वाजवता येत नव्हती हे मला माहीत होतं, तरी तसंच वाटत होतं. दीड वर्ष मी कधी विचारलंच नव्हतं.

मी गिटार जोडली, डब्यावर पाय ठेवला आणि एक साधा कॉर्ड छेडला. सूर खोलीच्या एका भिंतीपासून निघाला, वर गेला, वळला आणि दुसऱ्या बाजूनं खाली आला. मी ऐकलेल्या कुठल्याही फेझरपेक्षा तो उबदार होता. मी थांबलोच नाही. काका खुर्चीवर डोळे मिटून बसले होते, मान डावीकडे कललेली. बऱ्याच वेळानं एवढंच म्हणाले, "फिरला."

त्यानंतर महिनाभरातच शेगावच्या एका कॉलेजनं स्नेहसंमेलनाला आमच्या जुन्या बँडला बोलावलं. मित्र पुण्याहून गाडीनं येणार होते, मी सराव करायला आदल्या दिवशीच शेगावला जाऊन लॉजवर उतरणार होतो. काकांनी विचारलं, कार्यक्रम कधी? मी सांगितलं, दुपारी दोनला. ते म्हणाले, मी येतो, फेझर चारचौघांत कसा वाजतो ते ऐकायला पाहिजे. मी म्हणालो, या ना. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी स्टेजवर आम्ही सामान मांडत होतो. आमचा गायक अनिकेत, त्याची पेडलं एका काळ्या फळीवर ओळीनं बसवलेली, सगळी चकचकीत. मी पिशवीतून निळा डबा काढला.

अनिकेत म्हणाला, "अरे, जेवण झालं ना आपलं? पोळ्या कशाला आणल्यास?"

सगळे हसले. मीही हसलो. कुणी दुष्टपणानं हसत नव्हतं. एक वाक्य बोललो असतो, एक कॉर्ड वाजवून दाखवला असता, तर तेच सगळे त्या डब्याभोवती जमले असते. पण माझ्या डोळ्यांसमोर ते मेसमधलं टेबल उभं राहिलं. मी डबा परत पिशवीत टाकला आणि पिशवी अँपच्या मागे सरकवली.

तेवढ्यात स्टेजच्या कडेशी आवाज आला. "बॅटरी नवी टाकली का बे?"

काका पहाटेची एसटी पकडून खामगावात गाडी बदलून आले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्याला झोळी, झोळीतून सोल्डरिंगच्या बंदुकीची वायर लोंबत होती. ऐन वेळी काही तुटलं तर असावं म्हणून.

अनिकेतनं विचारलं, "हे कोण?"

मी म्हणालो, "साउंडवाल्यांचे असतील."

काका पाचेक हातांवर उभे होते. तीस वर्षं तारांतून कुजबुज ऐकलेला माणूस. त्यांना ऐकू गेलं नाही अशी मी आजही कधी कधी स्वतःची समजूत घालू पाहतो. पुढे मी स्वतःला असंही सांगितलं, की हेच ते पंखेवाले काका हे मित्रांना कळू नये, त्यांची थट्टा होऊ नये, म्हणून मी तसं बोललो. ते खोटं आहे. मी मलाच वाचवत होतो.

काकांनी लोंबणारी वायर झोळीत आत सारली. मग वळले, साउंडवाल्याकडे गेले, त्याला काहीतरी म्हणाले, आणि वाकून जमिनीवर पसरलेली केबल गोळा करू लागले. मी जे बोललो होतो ते त्यांनी खरं करून टाकलं. पूर्ण दुपार ते साउंडवाल्यांचे होते. इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडून त्यांनी वायरी ओढल्या, स्टँड धरले, माइकची घरघर एका जोडणीतून काढून दिली. कार्यक्रमाआधी चहा आला तेव्हा ग्लासांचा ट्रे घेऊन तेच आले. सगळ्यांना दिला. माझ्यापुढे ट्रे धरून म्हणाले, "घ्या सर."

मी ग्लास घेतला.

आम्ही दीड तास वाजवलं. टाळ्या भरपूर मिळाल्या. काका समोरच्या खांबाजवळ उभे होते. माझा आवाज सगळा वेळ एका जागी उभा होता, आणि तो उभा आहे हे मैदानात फक्त दोन माणसांना ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी बुलडाण्याला परतल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. काय बोलायचं ते रस्ताभर जुळवत आलो होतो. काका काहीतरी उघडून बसले होते. मला पाहून स्टूल पुढं केलं. सर वगैरे ते शेगावलाच ठेवून आले होते.

मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "घरघर करून राह्यला असंन. म्हून लावला नाई तू. बराबर केलं. मोठ्या स्पीकरवर घरघर लय खराब वाटते."

ती पळवाट होती. त्यांनी ती माझ्यासाठी खास खणून ठेवली होती. आणि मी तिच्यातून गेलो.

"हो काका," मी म्हणालो, "थोडी घरघर होती."

"आन डबा. पाहून घेतो."

माझी खरी शिक्षा तिथून सुरू झाली. मी दिलेली घरघर काका शोधायला बसले. मला घरी बसवेना, म्हणून दर रविवारी सकाळी मी गिटार घेऊन जायचो आणि विचारायचो, सापडली का? काका म्हणायचे, वाजवून पाह्य. मी वाजवायचो. आवाज इतका स्वच्छ यायचा की काळजात कळ यायची. काका माझ्या तोंडाकडे बघत विचारायचे, "येऊन राह्यली का?" आणि मी गंभीर चेहऱ्यानं नसलेली घरघर ऐकून सांगायचो, "आहे अजून, बारीकशी." एकदम नाही म्हटलं असतं तर शेगावचं खोटं उघडं पडलं असतं. कमी कमी करत न्यायची, असा माझा बेत होता.

काकांनी आतल्या सगळ्या तारा बदलल्या. डब्याला आतून चांदीचा कागद लावला. मग त्यांचा संशय ट्यूबलाइटवर गेला, ती काढून टाकली. मग शेजाऱ्यांच्या पाण्याच्या मोटरवर. दोन-अडीच महिने असे गेले. अकरा वाजले की मी घड्याळ बघून उठायचो. ते दारापर्यंत येत आणि पुढच्या वेळी काय तपासायचं ते सांगत.

मग एका रविवारी मी गेलो तर काका म्हणाले, आज घरघरीचा निकाल लागणार. कोपऱ्यावरची पिठाची गिरणी विजेच्या मुख्य लाइनवर आवाज सोडत असणार, असं त्यांनी ठरवलं होतं. गिरणीवाल्याशी बोलणं झालं होतं. दहा वाजता तो दहा मिनिटं गिरणी बंद ठेवणार होता. मी खिडकीतून पाहिलं. गिरणीसमोर सात-आठ बाया डबे घेऊन रांगेत उभ्या होत्या, एकीच्या कडेवर मूल होतं. गिरणी घुरघुरत थांबली. गल्ली एकदम शांत झाली. त्या सगळ्या बाया आमच्या खिडकीकडे बघत होत्या.

"वाजव," काका म्हणाले.

मी वाजवलं नाही. गिटार मांडीवरून खाली ठेवली.

"काका, घरघर नाही. कधीच नव्हती. मला लाज वाटली होती. आधी डब्याची, मग तुमची."

बोलून झाल्यावर मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही, टेबलावरच्या चिमट्याकडे बघत राहिलो. काका उठले, खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी गिरणीवाल्याला खूण केली. गिरणी सुरू झाली. ते परत येऊन बसले.

"मले माहीत हाय," ते म्हणाले. "तीस वरसं लोकाईच्या लायनीतली घरघर काढली म्या. हाय का नाई, येवढं समजते."

"मग इतके दिवस शोधत कशाला बसलात?"

काकांनी सोल्डरिंगची बंदूक उचलली, तिचं टोक पुसलं, परत ठेवली. मग ते टेबलाशीच बोलल्यासारखं म्हणाले, "तू 'सापडली का' म्हून पुसायले येत होता ना दर ऐतवारी. सापडली असती तं कायले आला असता?"

मला माफी मागायची होती, पण कशाकशाची मागू ते सुचेना. काका मात्र उठून स्वयंपाकाच्या कोपऱ्याकडे गेले होते. तिकडून त्यांनी विचारलं, भाकर टाकतो, थांबशील का? मी हो म्हणालो.

त्यांनी दोन भाकरी थापल्या, वांग्याचं भरीत आणि ठेचा काढला. मग फळीवरून ताटं घेतली. एक त्यांचं, जुनं, कडेला चेपलेलं. दुसरं अगदी नवं होतं, मधोमध दुकानाचं कागदी लेबल अजून तसंच चिकटलेलं. काकांच्या ते आत्ता लक्षात आलं असावं. त्यांनी घाईनं नखानं खरवडून पाहिलं, निघेना, तेव्हा त्यावरच भाकरी ठेवून ताट माझ्यापुढे सरकवलं.

ते ताट किती रविवारांपासून त्या फळीवर होतं, हे विचारायची मला लाज वाटली. मी खाली मान घालून जेवलो.